गोळी चालू ठेवा, वजनाचं बोला

नैराश्यावरच्या सगळ्याच गोळ्यांनी सारखं वजन वाढत नाही. मिर्टाझपिन आणि ॲमिट्रिप्टिलिन शरीरातल्या हिस्टामिनचं काम अडवतात. त्यामुळे गुंगी येते, भूकही खवळते आणि जेवण झाल्यावरही फरसाणाचा डबा उघडला जातो. अमेरिकेत २०२४ मध्ये ८ औषधांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात बुप्रोपियॉनवर वजन सर्वांत कमी वाढलेलं दिसलं. (आजारात गेलेली भूक परत आल्यानेही काटा थोडा सरकतो, त्याची धास्ती नको.) वजनापायी गोळी परस्पर बंद मात्र करू नका. चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके असा त्रास होऊ शकतो, आजारही उलटू शकतो. डॉक्टरांना वजनाची नोंद दाखवा, औषध बदलता येईल का विचारा, थायरॉइडही तपासून घ्या. जोडीला रोजचं चालणं आणि लवकर जेवण हवंच. वजन उतरायला महिने लागतात.