लहान शाळांचा निकाल कोणी लावावयाचा?

गणपतीपुळ्यास येणारा यात्रेकरू समुद्राकाठच्या गजाननाचे दर्शन घेतो, डोंगरास प्रदक्षिणा घालतो, आणि सवड असल्यास शेजारच्या मालगुंडास जाऊन केशवसुतांचे स्मारक पाहतो. एका शाळामास्तराच्या घरी १८६६ साली जन्मलेल्या मुलाने मराठी कवितेस नवे वळण लावले, याचा आम्हां कोकणवासीयांस अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. परंतु त्या मास्तरासारखेच काम आज करणाऱ्या, डोंगरापलीकडच्या वाड्यांतील लहान लहान शाळांचे पुढे काय व्हावयाचे, हा प्रश्न त्या यात्रेकरूस सुचत नाही. आणि ज्यांस सुचावयास पाहिजे त्यांस तो केवळ हिशेबाच्या वहीतच सुचतो, ही खेदाची गोष्ट होय.

हिशेब असा आहे. वीसांहून कमी पट असलेल्या सुमारे पावणेपंधरा हजार शाळा राज्यात असून त्यांत सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार मुले शिकतात, असे २०२३ साली सरकारदरबारी सांगण्यात आले, आणि पानशेत व तोरणमाळ यांचा दाखला देऊन अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याची योजना पुढे आली. तत्पूर्वी २०१७ च्या अखेरीस दहांहून कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा दुसरीकडे मिळवून टाकण्याचे ठरले होते. थोड्या मुलांसाठी एवढा खर्च का, आणि अशा शाळांत मुलांची प्रगती ती काय होणार, असे हे दुहेरी बोलणे आहे. आपण त्याचा निःपक्षपाताने विचार करू.

प्रथम प्रगतीचा प्रश्न घेऊ. रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मिळून जे कोकण मंडळ झाले आहे, त्याचा दहावीचा निकाल २०२४ साली शेकडा ९९.०१ लागला, सबंध राज्याचा ९५.८१ होता. २०२५ साली हेच आकडे ९८.८२ व ९४.१० असे होते. या मुलांपैकी पुष्कळांचा श्रीगणेशा गावच्या शाळेतच झालेला आहे. यावरून लहान शाळा सर्वथैव उत्तम आहेत असे आम्ही म्हणत नाही. तथापि त्या निकामी आहेत, हे म्हणणे तरी या आकड्यांपुढे टिकत नाही. शिवाय शेकडेवारी ही लहान शाळेच्या बाबतीत मोठी फसवी वस्तू आहे. चौथीत पाच मुले असताना एक मागे राहिला की प्रगती एकदम वीस टक्क्यांनी घसरते. पन्नासांच्या वर्गात तोच मुलगा दोन टक्क्यांपुरता असतो. अशा आकड्यांवरून मास्तरास शाबासकी किंवा ठपका देणे म्हणजे एका सरीवरून पावसाळ्याचा अंदाज करण्यासारखे आहे.

आता ही मुले कोणाची, ते पाहू. २००१ च्या शिरगणतीत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ साली १६,१५,०६९ झाली. आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. याचा अर्थ उघड आहे: कर्ता पुरुष मुंबईस चाकरमानी झाला, आणि ज्यांस जमले त्यांनी कुटुंबही नेले. मागे राहिलेल्यांपैकी ज्यास ऐपत आहे तो आपले मूल गाडीत बसवून इंग्रजी शाळेत धाडतो. वाडीच्या शाळेत उरतात ती मोलमजुरी करणाऱ्यांची मुले. त्यांत पावसाळा सरल्यावर चिरेखाणींवर येणाऱ्या कर्नाटकातील मजुरांची आणि हापूसच्या बागा राखावयास येणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुले मिळतात. मौज अशी, की शिक्षकांची संख्या ठरविण्यासाठी पट मोजला जातो तो ३० सप्टेंबरचा! जी मुले त्यानंतर येतात, ती फळ्यापुढे बसतात खरी. पण हिशेबात बसत नाहीत.

कायदा काय म्हणतो? २००९ चा शिक्षणहक्क कायदा पहिली ते पाचवीच्या मुलांस साधारणपणे एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, आणि साठांपर्यंत पट असला तरी दोन शिक्षक असावेत, असे सांगतो. नकाशावरचा किलोमीटर आणि आषाढातला किलोमीटर यांत मात्र जमीनअस्मानाचे अंतर आहे. भरलेला पऱ्या, निसरडा साकव, कातळावरचे धुके ओलांडून सहा वर्षांच्या मुलीस एकटी पाठविण्यास कोणती आई धजेल? शाळा दूर गेली की प्रथम घरी बसते ती मुलगीच.

खर्चाची सबब नवी नाही. याच जिल्ह्यात कोतळूक येथे, केशवसुतांच्याच जन्मवर्षी जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले, तेव्हाही पैसा कोठून आणावा असे विचारण्यात आले, आणि १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. बडोद्याच्या सयाजीरावांनी मात्र १९०६ सालीच आपल्या संस्थानभर सक्ती लागू केली होती! तेव्हा अडचण तिजोरीची असते तितकीच इच्छेचीही असते.

लहान शाळेत दोष नाहीत असे नाही. एकच मास्तर चार इयत्ता सांभाळतो, त्यावर माहित्या भरण्याचे काम. मुलास बरोबरीचा सोबती नाही, खेळावयास गडी नाहीत. म्हणून जेथे पालक राजी असतील तेथे शाळा एकत्र करण्यास आमची हरकत नाही. परंतु आधी बारमाही रस्ता व विनामूल्य गाडी, मग नवी शाळा, आणि सर्वांच्या शेवटी जुन्या शाळेस कुलूप, हा क्रम उलटता कामा नये. तसेच प्रत्येक मुलाचे वाचन व गणित वर्षारंभी कोठे होते आणि वर्षअखेर कोठे आले, हे पाहावे. पट मार्चातही एकदा मोजावा. एवढे करून मग शाळेचा निकाल लावावा. ज्या मुलांस बोलावयास वकील नाही, त्यांचा खटला एकतर्फी चालू नये, इतकेच आमचे मागणे आहे.