मागल्या जन्माचा पुरावा कोणाकडे?

‘अस्पृश्य हा मागल्या जन्मीच्या पापाचे फळ भोगतो’ असे आमच्या आज्या-पणज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. हे खोटे ठरवायला कोणता पुरावा पुढे करायचा? मागला जन्म पाहिला कोणी? माणसाचे बरे झाले तर पुण्य, वाईट झाले तर पाप. काहीही घडो, भटजी बरोबरच! आम्ही वकिली करतो. आरोपपत्रात दिवस नाही, ठिकाण नाही, कृत्य नाही, तर आरोपीने बचाव कशाचा करायचा? हा आरोप मात्र शतकानुशतके चालला.

अस्पृश्य हे वेगळ्या, हीन वंशाचे, हे दुसरे विधान. तेही अपमानाचेच, पण त्याला मोजपट्टी लावता येते. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याचे म्हणणे होते की, नाक जितके रुंद तितका जातीचा दर्जा खाली. ठीक आहे, मग मोजा! वंश वेगळा असेल तर मापात फरक दिसलाच पाहिजे. न दिसला तर विधान पडले. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नेमके हेच केले. घुर्ये यांनी मांडलेली मापे घेऊन त्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य शेजारी-शेजारी उभे केले. निष्कर्ष असा की, हे मोजमापशास्त्र विश्वासार्ह असेल तर दोघे एकाच वंशाचे. ब्राह्मण आर्य, तर अस्पृश्यही आर्य. ब्राह्मण द्रविड, तर अस्पृश्यही द्रविड. (नाकावरून वंश ठरवणे आज विज्ञानाने टाकून दिले आहे. बाबासाहेबांनी तेव्हाच ‘जर’ घातला होता, हे विसरू नये.)

स्वतःच्या सिद्धांतालाही त्यांनी सूट दिली नाही. अस्पृश्यता इ. स. ४०० च्या सुमारास आली, असा काळ त्यांनी सांगितला. काळ सांगणे म्हणजे विरोधकाच्या हाती काठी देणे. त्याआधीचा पक्का पुरावा आणा, सिद्धांत अडचणीत येईल. आपले म्हणणे अंतिम नाही, असेही त्यांनी प्रस्तावनेत लिहून ठेवले. असे कोणत्या स्मृतिकाराने लिहिले आहे?

ज्योतिषालाही एकदा असेच उभे केले गेले. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आदींनी पुण्यात २०० पत्रिका जमवल्या, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या. कोणती कोणाची, एवढेच ओळखायचे. सरासरी ४६ टक्के बरोबर आल्या. नाणे उडवले असते तरी निम्म्या आल्या असत्या. हा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला.

तरीही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत सोयरीक ठरवताना गुण जुळवणारे आमचेच बांधव आहेत. त्यांना आमचे एकच विचारणे आहे: काय घडले तर ही पत्रिका चुकली, असे तुम्ही मानाल?