उमेदवार कोण ठरवतो: मतदार की पक्षश्रेष्ठी?

तिकीट कुणाला मिळणार, याची चर्चा आपल्याकडे निवडणुकीच्या कितीतरी आधीपासून रंगते आणि उत्तर शेवटी पक्षश्रेष्ठींकडून येते. ताटात काय वाढायचे हे ते ठरवतात. मतदाराने फक्त त्यातले निवडायचे. अमेरिकेत मात्र पक्षाचा उमेदवार निवडण्यातही सामान्य मतदाराचा वाटा असतो. अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी तिथे राज्याराज्यांत ‘प्रायमरी’ म्हणजे प्राथमिक निवडणूक होते. तिच्या निकालावरून प्रत्येक इच्छुकाच्या वाट्याला प्रतिनिधी येतात आणि पक्षाच्या अधिवेशनात ज्याच्या बाजूला निम्म्याहून अधिक प्रतिनिधी, तो उमेदवार ठरतो.

हा हक्क मतदारांना सहजासहजी मिळालेला नाही. तो भांडून मिळवावा लागला आणि मिळाल्यावरही पुन्हा पुन्हा राखावा लागला.

बंद खोलीतले निर्णय

१९१२ मध्ये माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्राथमिक निवडणुका जिंकल्या होत्या. पण अशा निवडणुका तेव्हा मोजक्याच राज्यांत होत आणि पक्षयंत्रणा अध्यक्ष टाफ्ट यांच्या हाती होती. शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी टाफ्ट यांनाच मिळाली. चिडलेल्या रूझवेल्ट यांनी वेगळा पक्ष काढला, मते फुटली आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्सन निवडून आले.

१९२० मध्ये शिकागोतच रिपब्लिकन अधिवेशन अडून बसले. तेव्हा पुढाऱ्यांनी रात्री हॉटेलच्या खोलीत सिगारच्या धुरात बसून वॉरन हार्डिंग यांचे नाव पक्के केले, असे सांगितले जाते. ‘धुराने भरलेली खोली’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून पुढाऱ्यांच्या गुप्त खलबतांसाठी रूढ झाला.

तरुणांनी दाढ्या केल्या

खरा स्फोट झाला तो १९६८ मध्ये. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे सिनेटर युजीन मॅकार्थी यांनी आपल्याच पक्षाचे अध्यक्ष जॉन्सन यांना आव्हान दिले. घरोघरी जाऊन मते मागायची तर अवतार नीटनेटका हवा, म्हणून त्यांच्यासाठी राबणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी दाढ्या केल्या, वाढलेले केस कापले. न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्यात मॅकार्थींना ४२ टक्के मते पडली. महिना संपण्याआधीच जॉन्सन यांनी माघार घेतली. नंतर रिंगणात उतरलेले रॉबर्ट केनेडी यांची जूनमध्ये हत्या झाली.

ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना. त्यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढवलेली नव्हती. बाहेर निदर्शकांवर पोलिसांच्या लाठ्या चालत होत्या आणि सारा देश ते टीव्हीवर पाहत होता. नोव्हेंबरमध्ये हम्फ्री निक्सन यांच्याकडून हरले. त्यानंतर पक्षाने नेमलेल्या समितीने नियम बदलले. प्रतिनिधींची निवड खुली झाली. स्त्रिया, तरुण आणि कृष्णवर्णीय यांना त्यात वाटा मिळाला.

मागच्या दाराने

त्या समितीचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न हेच १९७२ मध्ये उमेदवार झाले आणि ५० पैकी ४९ राज्ये हरले. कार्यकर्त्यांच्या लाडका उमेदवार देशाला चालेलच असे नाही, हा पुढाऱ्यांचा आक्षेप मग बळावला. त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. १९८२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने खासदार, गव्हर्नर आणि पक्षाचे पदाधिकारी यांना अधिवेशनात मनाप्रमाणे मत देण्याची मुभा दिली. हेच ते ‘सुपरडेलिगेट’. २०२४ मध्ये मिशिगनचे खासदार या नात्याने बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार हेही त्यांच्यात होते.

२०१६ मध्ये पहिले मत पडण्याआधीच शेकडो सुपरडेलिगेट हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने उभे राहिले. क्लिंटन यांना प्राथमिक निवडणुकांत बर्नी सँडर्स यांच्यापेक्षा कितीतरी लाख मते अधिक मिळाली, हे खरे. पण खेळ आधीच ठरला होता, ही सँडर्स समर्थकांची भावना गेली नाही. त्यांनी नेट लावून धरला. अखेर २०१८ मध्ये नियम झाला: निकाल आधीच स्पष्ट नसेल, तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटना मत नाही.

रिपब्लिकन पक्षात त्याच २०१६ मध्ये उलट घडले. अनेक बड्या पुढाऱ्यांना डोनाल्ड ट्रम्प नको होते. मतदारांनी त्यांना न जुमानता ट्रम्प यांनाच निवडले.

पुन्हा शिकागो

२०२४ मध्ये प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. मिशिगनमध्ये एक लाखाहून अधिक डेमोक्रॅटिक मतदारांनी गाझा युद्धाच्या निषेधार्थ ‘कुणालाही बांधील नाही’ या पर्यायावर मत दिले. तरी जो बायडेन प्राथमिक निवडणुका सहज जिंकले. मात्र जूनमधल्या वादचर्चेत ते अडखळले आणि पक्षातल्या बड्या मंडळींचा, देणगीदारांचा दबाव वाढला. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. प्रतिनिधींनी कमला हॅरिस यांची निवड केली. त्या त्या वर्षीच्या प्राथमिक निवडणुकीत अध्यक्षपदासाठी उभ्याच नव्हत्या. ऑगस्टचे अधिवेशन भरले ते शिकागोतच. नोव्हेंबरमध्ये हॅरिस हरल्या.

बायडेन यांनी हटावे, असे अनेक मतदारांनाही वाटत होते. पण पर्याय निवडण्याची संधी मात्र त्यांना मिळाली नाही. निवडणुकीच्या वर्षात धावपळ करणारे पुष्कळ असतात. उमेदवार कसा ठरेल, याचे नियम मात्र मधल्या शांत वर्षांत, समित्यांच्या बैठकीत लिहिले जातात. १९६८ आणि २०१६ नंतर मतदारांनी तिथवर पाठपुरावा केला, म्हणूनच त्यांच्या पदरात काही पडले.