झोंपलेल्या यंत्रांची गांठभेट

अहिल्यानगर जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यास भीमा आणि सीना अशा दोन नद्या लाभल्या आहेत. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील हा मुलूख, तेव्हां पाऊस तोकडाच. येथील ज्वारी उभी राहते ती जमिनींत मुरलेल्या ओलीवर, आणि ती ओल किती उरली आहे हें वरून दिसत नाहीं. ओल मोजणारी कांडी जमिनींत, तिचें लहानसें यंत्र खांबावर, आणि एका यंत्रानें आपला आंकडा बिनतारी मार्गानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास कळवावा, ही योजना अशा मुलखास विशेष मोलाची आहे. कर्नाटकांतील पावगड ह्या दुष्काळी तालुक्यांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनें व नाशिकच्या द्राक्षमळ्यांत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेनें असे प्रयोग ह्या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत केले.

यंत्राचा सारा जीव दोन पेन्सिल-सेलांवर असतो. त्यांची साठवण २५०० मिलिअँपियर-तास धरली आणि बिनतारी भाग २० मिलिअँपियर ओढतो असें मानलें, तर अखंड जागें राहणारें यंत्र १२५ तासांत, म्हणजे सव्वापांच दिवसांत निकामी होतें. पावसानें महिनाभर ओढ दिली, तर नेमक्या गरजेच्या वेळीं तें मुकें! त्यांतून चमत्कारिक गोष्ट ही, कीं ऐकणें हें बोलण्याहून स्वस्त नाहीं. सीसी-२४२० ह्या एके काळीं सर्रास वापरल्या गेलेल्या चिपेस बोलतांना १७.४, तर नुसतें ऐकतांना १८.८ मिलिअँपियर लागत. म्हणून यंत्रास झोंपविणें हाच एक उपाय उरतो. शंभरांतील एकच क्षण तें जागें राहिलें, तर तेच सेल सुमारें सतरा महिने पुरतात.

परंतु येथेंच खरा पेंच पडतो. दोन्ही यंत्रें शंभरांतील नव्याण्णव क्षण झोंपलेलीं. मग त्यांची गांठ पडावी कशी? वेळ ठरवून भेटावें, तर ज्याची ओळखच झाली नाहीं त्याच्याशीं वेळ ठरविणार कोण? आणि स्वस्त स्फटिकाचें घड्याळ दिवसाकांठीं पावणेदोन सेकंद सहज चुकतें. बरें, एकदां ओळख झाली म्हणजे काम संपलें, असेंही नाहीं. ज्वारी पुरुषभर वाढली कीं कालचा शेजारी आज ऐकूं येत नाहीं. बैलाच्या धक्क्यानें एखादा खांब पडतो. साखळी तुटते आणि नवा शेजारी शोधावा लागतो.

मॅकग्लिन व बोरबाश ह्यांनीं २००१ सालीं सारा भार यदृच्छेवर टाकला: वाटेल तेव्हां जागें व्हावें, केव्हां तरी भेट होईल. सरासरीनें ती होतेही. परंतु अमुक वेळांत होईलच अशी हमी मिळत नाहीं.

हमी मिळाली ती अंकगणितांतून. समजा, एक फेरीवाला दर तिसऱ्या दिवशीं बाजारास येतो, दुसरा दर पांचव्या दिवशीं. दोघांनीं कोणत्याही दिवशीं आरंभ केला तरी पंधरा दिवसांत ते एकदां समोरासमोर येणारच. कारण तीन व पांच ह्यांस सामाईक विभाजक नाहीं. दोघेही दर चौथ्या दिवशीं, पण एका दिवसाच्या अंतरानें येऊं लागले, तर जन्मांत भेट नाहीं. जग ह्या नियमास चिनी शेषसिद्धांत म्हणून ओळखतें. आपल्याकडे त्याच जातीचे प्रश्न सोडविणारें कुट्टक आर्यभटानें ४९९ सालीं दिलें, आणि भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतींत त्यास स्वतंत्र प्रकरण आहे.

बर्कले येथील प्रबल दत्ता व डेव्हिड कलर ह्यांनीं २००८ सालीं ‘डिस्को’ ह्या नांवानें हाच नियम यंत्रांस लावला. प्रत्येक यंत्र दोन मूळ संख्या घेतें आणि आपल्या क्षणांची मोजणी दोहोंपैकीं एकीच्या पटींत आली कीं जागें होतें. दोन संख्या अशासाठीं, कीं शेजाऱ्यानें तीच जोडी घेतली असली तरी ह्याची पहिली व त्याची दुसरी ह्यांचा मेळ बसतो. दोघांचे क्षण तंतोतंत जुळत नाहींत, म्हणून जागृतीच्या आरंभीं व शेवटीं अशी दोनदां हांक द्यावयाची. ३७ व ४३ ही जोडी घेतल्यास यंत्र शंभरांत सुमारें पांच क्षण जागें राहतें आणि १५९१ क्षणांच्या आंत भेट होते. क्षण सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा धरल्यास सोळा सेकंदांत. १९१ व २११ घेतल्यास जागृति शंभरांत एकावर येते, पण प्रतीक्षा ४०,३०१ क्षणांची, म्हणजे पावणेसात मिनिटांची होते. काटकसर पांचपट, ताटकळणें पंचवीसपट!

शेतांतील खांबास पावणेसात मिनिटांचें कांहींच वाटणार नाहीं. केनियांत २००४ सालीं झेब्र्यांच्या गळ्यांत यंत्रें बांधलीं, तेव्हां भेटीची वेळ उपग्रहांच्या घड्याळावरून जुळविली होती व सेलांच्या मदतीस सूर्यप्रकाश घेतला होता. कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें १९८० पासून काळविटांचें अभयारण्य आहे. तेथें असा उपक्रम नुसत्या सेलांवर करावयाचा म्हटलें, तर दोन कळप जवळून जातील तेवढ्या अवधींत यंत्रांनीं एकमेकांस गांठलें पाहिजे. म्हणजे ३७ व ४३ हीच जोडी घ्यावी लागणार, सेल साडेतीन महिन्यांत संपणार, आणि ते बदलण्यासाठीं तोच काळवीट पुन्हां पकडावा लागणार.