मोह वेचणे आणि आयुष्य वेचणे

बचत, हप्ते, व्याज यांचा हिशेब आटोपला की बैठकीतून उठता उठता हल्ली एक विषय निघतोच, नवोदयचा. कुणाची पोरगी पाचवीत असते, कुणाची नात. "गणित गुरुजी पाहून घेतात, पण भाषेचं काय करायचं बाई, आपण कुठं शिकलो?" असं विचारणाऱ्या खूपजणी भेटतात. म्हणून आज भाषेवर बोलू, आणि भाषेतही एकाच गोष्टीवर. क्रियापदांचे समानार्थी शब्द. क्रियापद म्हणजे काम सांगणारा शब्द, आणि कामाच्या बाबतीत आपण कुणाला हार जाणाऱ्या नाही.

आधी परीक्षेचं थोडक्यात. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये सुरू झाली, त्यातलं एक आपल्या विदर्भात, अमरावतीला. आपल्या जिल्ह्याचं नवेगावबांधला आहे. सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण तिथंच होतं. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या, आणि एकूण जागांतल्या किमान एक तृतीयांश मुलींच्या. परीक्षा दोन तासांची, प्रश्न ८०, गुण १००. त्यात भाषेचे प्रश्न २०, गुण २५. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एकदाच देता येते, दुसऱ्यांदा बसू देत नाहीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा पोरीला सांगून ठेवा, एकही गोल रिकामा सोडायचा नाही.

भाषेच्या भागात मराठी निवडता येते. उतारे देतात आणि खाली प्रश्न विचारतात. त्यात उताऱ्यातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला जातो. शिष्यवृत्ती परीक्षेतही समानार्थी शब्द असतातच, म्हणजे ही मेहनत दोन्हीकडे कामी येते.

बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तकात शब्दांच्या लांबच लांब याद्या असतात. पोरं त्या पाढ्यासारख्या पाठ करतात. पाहणे म्हणजे बघणे, धाडणे म्हणजे पाठवणे. पाठांतर वाईट नाही, पण आमच्या मते तेवढ्यावर भागत नाही. का, ते एका शब्दावरून पाहू.

वेचणे. चैत्रात पहाटे टोपली घेऊन आपण मोह वेचायला जातो, पोरंही सोबत असतात. वेचणे म्हणजे एकेक उचलून गोळा करणे, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आता उताऱ्यात वाक्य आलं, "सावित्रीबाईंनी मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले." खाली चार पर्याय: गोळा केले, खर्ची घातले, मोजले, विकले. मोह वेचणारी पोर "गोळा केले" वर खूण करते. खरं उत्तर "खर्ची घातले". शब्द तोच, पण सोबत मोह आहे की आयुष्य, त्यावर अर्थ बदलला.

तसंच निंदणे. आपण बांधीत धान निंदतो, म्हणजे तण काढतो. पुस्तकात "लोकांनी त्याला निंदले" असं आलं, तर तिथं अर्थ नावं ठेवली. चुरणेही असंच. आपल्याकडे धानाचा चुरणा होतो, पुस्तक त्याला मळणी म्हणतं. आणि पुस्तकात "आजीचे पाय चुरले" असेल, तर पाय दाबून दिले.

म्हणून पोरीला एक सवय लावा. उत्तर निवडलं की ते वाक्यात मूळ शब्दाच्या जागी घालून मोठ्यानं वाचायचं. "शिक्षणासाठी आयुष्य गोळा केले" हे कानालाच खटकतं. परीक्षेत मोठ्यानं वाचता येत नाही, पण घरी सवय झाली की तिथं मनातल्या मनात ऐकू येतं.

आता घरच्या बोलीचं. आपल्या भागात कुणाच्या घरी झाडीबोली, कुणाकडे पोवारी, कुठं गोंडी, सालेकसा-आमगावकडे हिंदी नि छत्तीसगढीही कानावर असते. काही बाया पोरांना सांगतात, "असं गावंढळ बोलू नको, शुद्ध बोल." हे आम्हाला पटत नाही. घरचा शब्द पुसला तर पुस्तकातला शब्द टांगायला खुंटीच उरत नाही. घरचा शब्द राहू द्या, त्याच्या शेजारी पुस्तकातला लिहा. रोवणे, शेजारी लावणी करणे. निंदणे, शेजारी खुरपणे. झाडीबोलीत ळ चा र होतो नि ण चा न, म्हणून पळणे आपल्या तोंडी परने होतं आणि दळणे दरने. पोरीला ही चावी एकदा कळली की पुस्तकातला पळणे परका वाटत नाही, आणि पळणे म्हणजे धावणे हे पटकन बसतं.

हिंदी कानावर असलेल्या मुलांसाठी एक सूचना. हिंदीत मिटना म्हणजे पुसलं जाणं. मराठीत "तिने डोळे मिटले" म्हणजे बंद केले, आणि "भांडण मिटले" म्हणजे संपले. ओळखीचा वाटणारा शब्दच कधी कधी फसवतो.

वाक्प्रचारांकडेही लक्ष असू द्या. "वाट पाहणे" मध्ये रस्ताही नाही नि बघणंही नाही, तिथं अर्थ प्रतीक्षा करणे.

आणखी एक गंमत. पोरगं माठ फोडतं नि येऊन काय सांगतं? "आई, माठ फुटला." फोडला म्हणत नाही! फुटला म्हटलं की करणारा गायब. तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, सांडणे-सांडवणे, सगळं याच जातीचं. हे शब्द जवळचे आहेत पण समानार्थी नाहीत. उताऱ्यात "फांदी तुटली" असेल तर "तोडली" हे उत्तर नव्हे, "मोडली" चालेल. तुटली ती आपोआप, तोडली ती कुणीतरी.

स्वयंपाकघरात तर क्रियापदांची रास पडलेली असते. भांडं आपण घासतो, मग विसळतो. तांदूळ पाखडतो, निवडतो. पीठ चाळतो. ही सगळी स्वच्छ करण्याचीच कामं, पण एकीच्या जागी दुसरं म्हणून पाहा, जमत नाही. भात कुणी घासत नाही. हा बारीक फरक ज्या पोरीला कळला, तिला पाहणे, निरखणे, डोकावणे यांतला फरकही कळतो. निरखणे म्हणजे बारकाईनं पाहणे, डोकावणे म्हणजे वाकून, डोकं आत घालून पाहणे.

ज्या मैत्रिणींना वाचता येत नाही, त्यांनाही हे करता येतं. भाकरी थापताना एक काम बोला, "निवडणे". पोरीनं त्याची दोन वाक्यं करायची, दोन वेगळ्या अर्थांची. "आईने डाळ निवडली." "गावाने सरपंच निवडली." मग विचारा, दुसऱ्या वाक्यात निवडलीच्या जागी काय म्हणशील? तिला आलं नाही तर वहीत लिहून ठेवायला सांगा, दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारेल. रोज दोन शब्द पुरेत. एकदम वीस दिले की पोर कंटाळते, आणि मग वहीसुद्धा लपवते.

पुढच्या बैठकीला आम्ही एक कोरी वही आणतो आहोत. येताना प्रत्येकीनं शेतातल्या किंवा जंगलातल्या एका कामाचा शब्द आणायचा, घरी म्हणता तसाच. तेंदूची पानं तोडण्यापासून धान उफणण्यापर्यंत कोणताही चालेल. शेजारचा रकाना पाचवीतल्या पोरी भरतील.