मँटल सेल लिम्फोमाची ओळख कशी पटली

लसिकाग्रंथीत बी-पेशींचे गोलसर पुंजके असतात आणि पुंजक्याभोवती लहान पेशींचे एक कडे असते. हे कडे म्हणजे मँटल. त्यातील पेशींसारख्या पेशींचा कर्करोग तो मँटल सेल लिम्फोमा. हा विरळा आजार बहुधा साठीच्या आसपास आणि पुरुषांना अधिक होतो. लहान पेशींचा लिम्फोमा संथ असतो, हा जुना ठोकताळा येथे फसतो. बहुतेक रुग्णांत हा आजार उपचारांना दाद देतो, पण पुन्हा उलटतो.

विकृतिशास्त्रज्ञ कार्ल लेनर्ट यांच्या लिम्फोमांच्या १९७४ च्या कील वर्गीकरणात त्याला 'सेंट्रोसायटिक' म्हटले होते. त्याच सुमारास अमेरिकेत 'इंटरमीजिएट लिम्फोसायटिक' हे नाव रुळत होते, पुढे 'मँटल झोन लिम्फोमा' हेही आले. १९८२ च्या अमेरिकी 'वर्किंग फॉर्म्युलेशन'मध्ये मात्र त्याला स्वतंत्र जागाच नव्हती. ती मांडणी डॉक्टरांच्या सोयीची होती खरी, पण निव्वळ सूक्ष्मदर्शकातील रूपावर बेतलेली. त्यामुळे हे रुग्ण निरनिराळ्या गटांत विखुरले गेले आणि त्यांचा रोग इतरांहून वेगळा वागतो हे झाकले गेले.

हा घोळ मिटला तो गुणसूत्रांमुळे. या पेशींत ११ व्या आणि १४ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. ११ व्यावरचे सायक्लिन डी१ हे जनुक प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसते. बी-पेशीत हे शेजारचे जनुक सतत जागे असल्याने सायक्लिनचे उत्पादन थांबत नाही आणि पेशी विभागत राहते. १९९२ मध्ये युरोप-अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञांनी 'मँटल सेल लिम्फोमा' हे एकच नाव सुचवले. १९९४ च्या 'रिअल' वर्गीकरणाने आणि नंतर जागतिक आरोग्य संघटनेने ते स्वीकारले.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील नरेश, श्रीनिवास आणि सोमण यांनी याच नव्या निकषांनी २,७७३ लिम्फोमा तपासले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मँटल सेलचे प्रमाण ३.४ टक्के निघाले. पाश्चात्त्य मालिकांत ते सहा टक्क्यांच्या आसपास असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सुधारित वर्गीकरणात या आजाराचे दोन प्रवाह मानले गेले. एक मुख्यतः ग्रंथींत वाढणारा, बहुधा 'सॉक्स११' प्रथिन असलेला. दुसरा रक्त, अस्थिमज्जा आणि प्लीहेत राहणारा. त्यात हे प्रथिन सहसा नसते. या दुसऱ्या प्रकारात काही रुग्णांना वर्षानुवर्षे औषधाविना नुसते देखरेखीखाली ठेवता येते.