ऑइल बदललं आणि लिफ्ट बसली

ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल बदललं, फिल्टर नवा टाकला आणि लिफ्ट उचलेना, की पारावरचं निदान ठरलेलं असतं: "पंप गेला." काल रोटाव्हेटर उचलणारा पंप उभ्या ट्रॅक्टरमध्ये एका रात्रीत कसा जाईल? क्वचित जातोही, पण आधी संशय घ्यावा तो जिथे पाना लागला तिथे. म्हणजे फिल्टर, जाळी, ओ-रिंग आणि ऑइलची पातळी.

यावर उत्तर येतं, "सगळं तपासलं, कुठे थेंबही गळत नाही." खरी गोम इथेच आहे. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर पंप इंजिनाजवळ असतो आणि मागच्या हाऊसिंगमधून पाइपने ऑइल ओढतो. या ओढणाऱ्या बाजूला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथली ओ-रिंग चिरली किंवा क्लॅम्प ढिला राहिला तर इंजिन चालू असताना ऑइल बाहेर येत नाही, हवा आत जाते. भोक पडलेल्या स्ट्रॉने शहाळं पिण्यासारखंच हे. जमीन कोरडी राहते, पण लिफ्ट झटके मारते, पंप गुरगुरतो, ऑइलला फेस येतो. इंजिन मंद ठेवून या बाजूच्या एकेका जोडावर जाडसर ग्रीस फासा. जिथे आवाज बदलेल तिथे हवा शिरतेय. जुनी ओ-रिंग खाचेत चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवी बसवली, हा प्रकारही एकदा पाहून घ्यावा.

मॅसी फर्ग्युसन ३५ आणि १३५ च्या घराण्यात मात्र गणित वेगळं. तिथे पिस्टन पंप मागच्या हाऊसिंगमध्ये ऑइलातच बुडालेला असतो आणि पीटीओच्या शाफ्टवर फिरतो. तो शाफ्टच फिरत नसेल तर पंप फिरणारच नाही. हे न बघताच हाऊसिंग उघडायला घेणारे मिस्त्री काही कमी नाहीत.

"रेस द्या, हवा आपोआप निघेल," हा सल्ला सर्वांत महाग पडतो. पंपाच्या गिअरांना वंगण मिळतं ते त्याच ऑइलचं. कोरडा पंप जोरात फिरवला तर तो खरोखरच जातो, आणि मग पारावरचं निदान बरोबर ठरतं! उभा बसणारा फिल्टर ऑइलने भरूनच लावावा. इंजिन मंद ठेवून, अवजार न जोडता लिफ्टचे हात काही वेळा वर-खाली करावेत. लिफ्टचा सिलिंडर सहसा एकाच बाजूने ऑइल घेतो, खाली येतो तो वजनाने. त्यामुळे हवा ऑइलबरोबर हाऊसिंगमध्ये परतते. पॉवर स्टेअरिंगला हेच ऑइल असेल तर चाकंही दोन्ही टोकांपर्यंत वळवून घ्या. मग इंजिन बंद करून, सपाट जागेवर हात खाली असताना काडी बघा. पाइपांत आणि फिल्टरमध्ये ऑइल गेल्यामुळे पातळी बहुतेकदा उतरलेली असते.

"ऑइल म्हणजे ऑइल, जाड असलं की लिफ्ट दमदार." हेही खरं नाही. जाड ऑइल थंडीच्या सकाळी जाळीतून लवकर येत नाही आणि पंप उपाशी राहतो. शिवाय अनेक ट्रॅक्टरांत एकाच हाऊसिंगमध्ये गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि ऑइलात बुडालेले ब्रेक असतात. त्यांच्यासाठी यूटीटीओ प्रकारचं ऑइल येतं. तिथे इंजिन ऑइल ओतलं तर ब्रेक किंचाळू शकतात. कंपनीच्या पुस्तिकेत जो ग्रेड लिहिलाय तोच घाला. ऑइल पांढुरकं झालं तर काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून बघा: फेस विरतो, पाणी असेल तर पांढुरकेपणा टिकतो किंवा पाणी तळाशी बसतं.

रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू पिळणं हा उपाय नव्हे. हवा ओढणाऱ्या पंपाला त्याने काही फायदा होत नाही आणि हवा निघाल्यावर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. वरचं सगळं करूनही लिफ्ट ढिम्म असेल, तर प्रेशर गेज लावून आकडा पुस्तिकेशी ताडून बघावा. पंप उघडायचा तो त्यानंतर.

दाबाच्या बाजूची गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. तरी लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं आणि हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.